पानगळीच्या पाण्यातले मासे : शाळेच्या मत्स्यालयाच्या प्रकल्प नोंदी

१६ फेब्रुवारी

विज्ञान प्रयोगशाळेच्या उत्तरेकडच्या भिंतीशी ३६ इंच लांब, १८ इंच रुंद आणि १५ इंच उंच अशी काचेची टाकी बसवली. तिच्यात जंगलातल्या पाण्याच्या तळाशी साचणाऱ्या पालापाचोळ्याचा अधिवास उभा करावा, असे नववीच्या विज्ञान मंडळाच्या बैठकीत ठरले आहे. अशा टाकीत पाणी, तळ, पाने आणि मासे एकाच ठिकाणचे आणि शक्यतो एकाच ऋतूचे असावे लागतात. चार खंडांतले चार सुंदर मासे एकत्र सोडणे या प्रकारात बसत नाही. त्यामुळे कोणते मासे आणायचे या प्रश्नाआधी कोणते पाणी दाखवायचे हा प्रश्न सोडवावा लागेल.

पानांच्या थराची टाकी म्हटली की बहुतेक शौकीन दक्षिण अमेरिकेतल्या रिओ नेग्रो नदीच्या खोऱ्याकडे पाहतात. तिथे पाणी चहाच्या रंगाचे, क्षार जवळपास नसलेले आणि पुष्कळदा पाचपेक्षाही कमी सामू असलेले असते. त्यात कार्डिनल टेट्रा आणि एपिस्टोग्रामा यांसारखे छोटे मासे राहतात. पीटर हेंडरसन आणि इल्झे वॉकर यांनी १९८६ साली ब्राझीलमधल्या मानाउस शहराजवळच्या अशाच एका जंगली ओढ्यातल्या पानथराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली साखळी मुलांना फळ्यावर काढून दाखवली : पानावर बुरशी वाढते, बुरशीवर किड्यांच्या अळ्या जगतात आणि अळ्यांवर झिंगे व मासे. म्हणजे पान हे माशाचे अन्न नसून त्याच्या अन्नाचे शेत आहे. ही साखळी आपल्याकडेही तशीच चालते. मासे मात्र तिथलेच घ्यावेत असे काही तिच्यातून निघत नाही, आणि गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात बसून ब्राझीलचा ओढा उभारण्यात मला फारसे स्वारस्यही नाही.

आपल्या गावाच्या वरच्या अंगाला एक बोडी, म्हणजे लहान तळे, आहे आणि तिच्यात जंगलाकडून येणारा नाला मिळतो. नाल्याच्या काठी अर्जुन आणि ऐन, चढावर साग, मोह आणि तेंदू. नाल्याच्या तोंडाशी, पाणी मंद होते तिथे, पानांचा वीतभर थर साचतो. दाखवायचे पाणी हेच, असा माझा प्रस्ताव आहे.

२ मार्च

आज पाने. माशांच्या निवडीशी यांचा संबंध दूरचा वाटेल, पण चुकीचे पान गेले तर निवडलेला मासा जगणार नाही, म्हणून ही नोंद सविस्तर करतो.

मत्स्यालयांच्या दुकानांत जंगली बदामाची वाळलेली पाने पाकिटात भरून विकतात. जंगली बदाम ज्या टर्मिनेलिया कुळीचा, त्याच कुळीचे ऐन, अर्जुन, बेहडा आणि हिरडा आपल्या रानात उभे आहेत. तेव्हा पाकीट मागवण्याचे कारण नाही. अर्जुनाची आणि ऐनाची गळून वाळलेली, डाग किंवा पांढरी बुरशी नसलेली पाने बोडीच्या पाळीवरून वेचली. हिरवे पान तोडून घ्यायचे नाही, कारण झाड पान गाळण्याआधी त्यातला बराच उपयोगी अंश परत ओढून घेते आणि तो अंश हिरव्या पानासोबत टाकीत आला तर पाणी नासते. व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीतून पानही उचलायचे नाही, हे मुलांना वेगळे बजावले. ज्या बांध्यांवर, म्हणजे धानाच्या शेतांवर, फवारणी होते त्यांच्या धुऱ्यावरची (बांधावरची) पानेही वगळली.

मोहाची पाने मी मुद्दाम टाळली. मोहाच्या बियांतले तेल काढल्यावर उरणाऱ्या ढेपेत सॅपोनिन असते आणि मत्स्यशेतीत तळ्यातले नको असलेले मासे मारण्यासाठी ही ढेप हेक्टरी, एक मीटर खोल पाण्याला, २००० ते २५०० किलो या प्रमाणात वापरतात. सॅपोनिन माशाच्या कल्ल्यांवाटे शिरून त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडते. पानात धोका आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु मोहाखालून वेचलेल्या पाचोळ्यात जुन्या टोळीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तुकडे आणि आता गळू लागलेली फुले सापडतात, आणि साखरेने भरलेले एक मूठ मोहफूल टाकीचे पाणी एका रात्रीत आंबवायला पुरेसे आहे. शिवाय फुले वेचायला सोपे जावे म्हणून या दिवसांत झाडाखालचा पाचोळा लोक झाडून जाळतातच, तेव्हा तिथे वेचण्याजोगे फारसे उरतही नाही. गेळाची फळे मासे गुंगवायला वापरण्याची जुनी रीत आहे, म्हणून गेळाखालचेही काही नको. बोडीच्या काठी माजलेल्या बेशरमाची पाने विषारी असतात; तीही नको.

सागाचे पान देखणे आणि टिकाऊ असते, पण एक पान अर्धी टाकी झाकते. दोनच घेतली आहेत, मागच्या कोपऱ्यासाठी.

२३ मार्च

शाळेच्या बोअरच्या पाण्याचा सामू ७.८ भरला. बादलीत अर्जुनाची भरपूर पाने घालून ठेवली, तेव्हा रंग कोऱ्या चहासारखा झाला, पण सामू ७.६ च्या खाली उतरला नाही. पानांतून टॅनिन आणि ह्युमिक आम्ले सुटतात हे खरे. मात्र आपल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट इतके असते की ही सौम्य आम्ले तिथल्या तिथे निष्प्रभ होतात. पाणी तपकिरी झाले म्हणजे ते आम्लधर्मी झाले, हा समज यामुळे मोडला. मृदू, आम्ल पाण्यातच अंडी घालणारे सर्व परदेशी मासे इथेच यादीतून गेले. एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, मग गप्पी चालतील ना? आरोग्य केंद्रवाले देतात.’’ गप्पी कठीण पाण्यात उत्तम राहतात, पण तेही दक्षिण अमेरिकेकडचेच. डासांसाठी टाक्यांत सोडलेला गप्पी आपल्या बोडीचा रहिवासी ठरत नाही.

आज फळ्यावर दुसरा तक्ता काढला आणि माझ्या मते या प्रकल्पाचा निर्णय तिथेच झाला. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात प्रति लिटर सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६ आणि ३५ अंशांना जेमतेम ७. त्यात पाने कुजताना जिवाणू त्यातलाच प्राणवायू खातात. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पाने वर्षभर थोडी थोडी पडतात आणि ओढ्यावर सावली कायम असते. आपल्याकडे पानगळ आणि पाणी आटणे एकाच वेळी होते : माघ-फाल्गुनात झाडे उघडी होतात, सावली जाते, नाला तुटून डबकी उरतात आणि सारी पाने त्या डबक्यांत येऊन पडतात. म्हणजे विदर्भातला पानथर हा उन्हाळ्याचा, उथळ, उष्ण आणि प्राणवायूची ओढाताण असलेला अधिवास आहे. त्यात जो मासा मे महिना काढतो तोच या टाकीचा खरा मासा. रंग, किंमत आणि हौस या कसोट्या यानंतर लागतील.

६ एप्रिल

बोडीत मासे धरण्याचा हक्क गावच्या मत्स्य सहकारी संस्थेकडे आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची व्यवस्था, संपली, तलाव सरकारकडे गेले आणि मासेमारी संस्थांना ठेक्याने मिळू लागली. तेव्हा बोडीत हात घालण्याआधी त्यांना विचारणे हा निव्वळ शिष्टाचार नाही. संस्थेचे एक वयस्क सभासद, ज्यांना सारे गाव काका म्हणते, स्वतः लहान आसाचे, म्हणजे बारीक छिद्रांचे, जाळे घेऊन आले. पाणी गुडघ्याएवढे उरले आहे. नाल्याच्या तोंडाशी, पानथरावरून, जाळे ओढले. यादी करण्याचा नियम एकच ठेवला : पुस्तकात आपल्या खोऱ्यातला म्हणून नोंदलेला मासा पुरेसा नाही, तो या पानांतून या जाळ्यात यायला हवा.

पहिल्या ओढीत सर्वांत जास्त आली ती पेथिया टिक्टो, अंगावर दोन काळे ठिपके असलेली, बोटाच्या दोन पेरांएवढी चांदीची मासोळी. हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात तिचे वर्णन केले; पूर्वी ती पुंटियस गणात होती, २०१२ मध्ये पेथिया हा वेगळा गण झाला. ती पानांवरच्या शेवाळाला आणि अळ्यांना टोचत थराच्या लगत फिरते. ही हवी.

रासबोरा डॅनिकोनियस, अंगाच्या मध्यातून काळी रेघ गेलेला, हादेखील पुष्कळ आला. मुलांना तो फार आवडला. मी मात्र त्याच्या विरोधात आहे, कारण तो पानांच्या वरच्या मोकळ्या पाण्यातला, थव्याने लांब पल्ला मारणारा मासा आहे. आठ-दहा सेंटीमीटरपर्यंत सहज वाढतो आणि दचकला की उडी मारतो. पानथर त्याच्या वाटेत येतो एवढेच. इसोमस डॅनरिका, लांब मिशांची, ही तर पृष्ठभागाचीच. तिला झाकणाची कोणतीही फट पुरते. दोन्ही परत.

जाळे चिखलासकट उचलले तेव्हा पानांच्या खालून लेपिडोसेफॅलिक्थिस गणातले लोच निघाले, काडीएवढे, ठिपकेदार, डोळ्यांखाली बारीक काटा असलेले. हे वाळूत आणि पानांखाली दडतात, आणि पाण्यातला प्राणवायू कमी झाला की वर येऊन हवा गिळतात. ती हवा आतड्याच्या मागच्या भागात शोषली जाते. मार्चमध्ये फळ्यावर काढलेल्या तक्त्याला याहून चोख उत्तर मिळणार नाही. हे नक्की.

ट्रायकोगास्टर फॅसिएटा, तिरप्या निळ्या-केशरी पट्ट्यांचा गौरामी, काठच्या लव्हाळ्यात आणि तरंगत्या पानांखाली सापडला. याच्या कल्ल्यांच्या वर घड्यांचा एक वेगळा अवयव असतो आणि त्यातून तो थेट हवेतला प्राणवायू घेतो. हाही हवा, परंतु नर एकच.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. मिस्टस गणातले मिशाळ मासे रात्री फिरतात, तोंडात मावेल ते खातात आणि त्यांच्या कल्ल्यामागच्या पराचा काटा बोटात गेला तर तासभर ठणकतो. मॅक्रोग्नॅथस पँकॅलस, म्हणजे छोटी वाम, रात्रीची शिकारी आणि झाकणातून निसटण्यात पटाईत. चन्ना गाचुआ हा मरळीचा बुटका भाऊ या अधिवासातला सर्वांत चिवट मासा खरा, आणि नर तोंडात पिल्ले सांभाळतो म्हणून शिकवायलाही मोलाचा. पण त्याला टाकी एकट्याला द्यावी लागते. तिन्ही परत बोडीत गेले, आणि तेही बादलीतून थेट, शाळेतल्या कोणत्याही पाण्याचा स्पर्श होण्याआधी. एकदा टाकीत शिरलेला मासा पुन्हा बोडीत सोडायचा नाही, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला आहे, कारण टाकीतला रोग बोडीत गेला तर नुकसान संस्थेचे होते.

१३ एप्रिल

आरपार दिसणाऱ्या काचमाशांचा प्रश्न राहिला होता. दोन जाती एकत्र सापडतात आणि त्या सहज सारख्या वाटतात. पॅराम्बॅसिस रंगा उंच, चौकोनी अंगाचा असतो आणि पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव खातो. चंदा नामा लांबट अंगाचा, त्याचा खालचा जबडा ठळकपणे पुढे आलेला आणि दात सुळ्यांसारखे. तो इतर माशांचे खवले खरवडून खातो. अशा एका माशाने टिक्टोचा सगळा थवा सोलून काढला असता. भिंगाखाली जबडे पाहून मुलांनी दोन्हींची वाटणी केली. मी फक्त शेवटी तपासले.

पॅराम्बॅसिसलाही मी जागा देत नाही. धरल्यापासून बादलीत सर्वांत आधी वर येऊन धापा टाकणारा मासा तोच होता. ज्याला एप्रिलची बादली सोसत नाही त्याला मेमधली टाकी कशी सोसेल, हा प्रश्न विचारल्यावर मुलांनीच त्याचे नाव खोडले.

२७ एप्रिल

आज नँडसवरून वाद झाला आणि तो रंगला. काकांच्या जाळ्यात पानांतून नँडस नँडस नावाचा एक मासा आला होता. तपकिरी, पिवळट, काळ्या चट्ट्यांचा, अंगाने चपटा. पाण्यात तिरपा होऊन स्थिर राहिला की सडलेले पानच वाटतो. पानथराची टाकी आणि पानासारखा मासा, याहून नेमकी जोडी कोणती, असे जवळजवळ सर्व वर्गाचे म्हणणे होते.

त्याचे तोंड मात्र नळीसारखे पुढे फेकले जाते आणि स्वतःच्या जवळपास निम्म्या लांबीचा मासा तो गिळू शकतो. वाढला तर २० सेंटीमीटरपर्यंत जातो. काकांनी टाकीकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, याले इथं टाकसान तं आठ रोजात हाच एकटा राहीन. दिवसा काही करत नाही, रातच्यानं करते.’’

एका मुलाने काटेकोर युक्तिवाद केला : बोडीत टिक्टो आणि नँडस एकत्रच राहतात, मग टाकीत वेगळे ठेवणे हे अधिवासाशी अप्रामाणिक नाही का? प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर संख्येत आहे. बोडीत एका नँडसमागे टिक्टो हजारोंनी असतात, त्यांना पळायला जागा असते आणि दर पावसाळ्यात नवी पिढी येते. आपल्या टाकीत पाणी दहा इंचांपर्यंत भरले तर साधारण १०५ लिटर होते, त्यात खडू-डस्टर ठेवण्याच्या कपाटाएवढीही जागा नाही. छोट्या टाकीत शिकार आणि शिकारी दोन्ही ठेवले, तर निसर्गातले नाते दिसत नाही, त्याचा फक्त शेवट दिसतो. तेव्हा एक तर नँडस एकटा, नाही तर बाकीचे सारे. मतदान झाले आणि नँडस हरला. मला वैयक्तिकरीत्या त्याच्या एकट्याची टाकी अधिक आवडली असती, हे इथे लिहून ठेवतो. पण पहिल्याच वर्षी दररोज जिवंत मासा खाऊ घालण्याची तजवीज शाळेला पेलणारी नाही.

याच दिवशी पात्र माशांना वेगळ्या टबात हलवले. दोन टिक्टोंच्या अंगावर आर्गुलस, म्हणजे माशांच्या उवा, दिसल्या. त्या चिमट्याने काढल्या. टबात नव्या दिसत नाहीत तोवर मोठ्या टाकीत प्रवेश नाही.

११ मे

टाकीत आता आठ टिक्टो, पाच लोच, आणि गौरामीचा एक नर व दोन माद्या आहेत. दुपारी पाण्याचे तापमान ३३ अंशांवर जाते. खिडकीला ओले पडदे आणि कूलर आहे, तरी वीज गेली की दोन्ही उपायांचा जोर ओसरतो. स्पंजच्या गाळणीला बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जोडून ठेवला आहे. गौरामी आणि लोच यांची चिंता नाही. हवा न गिळणारी एकटी टिक्टोच, म्हणून तिची संख्या आठवर थांबवली, अन्यथा अशा टाकीला लोक पंधरा-वीसही सुचवतात. पानेही एकदम न घालता थोडी थोडी घालतो, कारण पानांचा जाड थर एकाच वेळी कुजू लागला तर पहाटे प्राणवायू तळाला जातो. मासे वर येऊन तोंड वासतात का, हे पाहण्याची वेळ पहाटेचीच ठेवली आहे.

बाष्पीभवनाने कमी होणारे पाणी बोअरच्या पाण्याने भरत राहिले तर क्षार साचत जातील, म्हणून भरीसाठी घरच्या फिल्टरचे कमी क्षारांचे पाणी वापरतो.

८ जून

पानथर आता स्वतःहून अन्न देऊ लागला आहे. उजेड तिरपा टाकला की पानांच्या पोटाशी लाल अळ्या आणि राईच्या दाण्याहून लहान कवचवाले जीव दिसतात. लोच दिवसभर दिसत नाहीत, पण त्यांच्या हालचालीने पाने मधूनच उचलली जातात. टिक्टो त्या उचललेल्या पानांच्या मागे लागतात, कारण खालून अळ्या उडतात. हे दोघांपैकी कोणालाच आम्ही शिकवलेले नाही आणि मोकळ्या वाळूच्या टाकीत ते दिसलेही नसते. वरून घालायचे खाणे, म्हणजे पाणपिसवा आणि डासांच्या अळ्या, यामुळे निम्म्यावर आणले.

झिंगे घालायचे का, हा प्रश्न आला. आठवडी बाजारात सुकवून विकतात तेच छोटे झिंगे पानथराचे सर्वांत खरे रहिवासी आहेत आणि हेंडरसन-वॉकर यांच्या साखळीतही झिंगे आहेतच. मोठ्या चिमट्यांचे नर रात्री झोपलेला मासा धरतात, तेव्हा फक्त नखाएवढे, चिमटा न वाढलेले घ्यायचे आणि वाढले की बाहेर, असे ठरले.

२९ जून

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे पहिला पाऊस मुलांच्या आधी टाकीला मिळाला. छपरावरचे सुरुवातीचे पाणी वाहून जाऊ दिले आणि नंतरचे पिंपात धरून थोडे थोडे टाकीत मिसळले. सामू ७.३ झाला, तापमान २८ अंशांवर उतरले.

गौरामीच्या नराने कोपऱ्यातल्या तरंगत्या सागाच्या पानाखाली बुडबुड्यांचे घरटे केले आहे आणि तो माद्यांना हाकलतो आहे. एक मादी अर्जुनाच्या पानांत शिरून बसते आणि तिथे तो तिचा पाठलाग सोडतो. अंडी झाली तर साधारण एका दिवसात फुटतील. पिल्ले इतकी बारीक असतील की पाणपिसूही त्यांच्या तोंडात मावणार नाही. जुन्या पानांवरच्या चिकट थरातले सूक्ष्मजीव हेच त्यांचे पहिले खाणे. म्हणून कोपऱ्यातले कुजलेले पान यापुढे बदलायचे नाही, गाळणीचा वेग कमी ठेवायचा, आणि अंडी दिसताच दोन्ही माद्या टबात हलवायच्या. नववीच्या नव्या तुकडीपैकी जे पहाटेच्या पाळीला येतील त्यांची नावे उद्या घेतो.